हा जाळायचा नाही हं!

"आबा, तुम्हाला बांबू सोलता येतो का हो?"

जानेवारीतल्या एका संध्याकाळी नातीने हा प्रश्न टाकला तेव्हा मी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. अडतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर लोक मला वृत्तं, अलंकार, झालंच तर पत्रिकेतल्या मजकुराची शुद्धलेखनं विचारतात. बांबूबद्दल कोणी विचारलं नव्हतं. पण येतो! इतवारी-महाल भागात वाढलेल्या माझ्या पिढीतल्या कुठल्याही पोट्ट्याला येतो. कारण बडग्या.

बाईसाहेब कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहेत. मुंबईला एप्रिलमध्ये 'कॉमिक कॉन' नावाचं संमेलन भरतं, तिथे कॉमिक्स, सिनेमे, जपानी कार्टूनं यांचे वेडे जमतात आणि आपल्या आवडत्या पात्राचा वेष करून येतात, ही माहिती मला त्याच संध्याकाळी मिळाली. आपल्या देशात हे २०११ साली दिल्लीला सुरू झालं म्हणे. मी म्हटलं, "म्हणजे सोंग घ्यायचं!" तर म्हणाली, "सोंग नाही आबा, कॉस्प्ले." असो. नाव काहीही द्या. तिला राक्षसी आकाराचा रोबॉट व्हायचं होतं. जपान्यांनी १९७९ मध्ये 'गंडाम' नावाची मालिका काढली, त्यातला रोबॉट अठरा मीटर उंच आणि माणूस त्याच्या पोटात बसून तो चालवतो. त्याच जातीचा, पण स्वतःच्या डोक्यातून काढलेला रोबॉट तिला हवा होता. उंची साडेसात फूट. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, त्यामुळे विकतचा पोशाख घेण्याचा प्रश्नच नव्हता.

तिने सुरुवात केली होती ती कूलरच्या खोक्यापासून. नागपुरात उन्हाळा कूलरवर निघतो आणि कूलरची खोकी गच्चीवर साठतात, हे बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. दोन खोक्यांची छाती, एका खोक्याचे खांदे, शिवाय चिकटपट्टीची सात-आठ रिळं. घालून वजनकाट्यावर उभी राहिली तर रोबॉटचं वजन साडेनऊ किलो भरलं! वर हात उचलला की काखेपाशी पुठ्ठा दुमडायचा आणि सगळी छाती पत्र्याच्या डब्यासारखी चेपायची. तेव्हा तिला कोणी तरी सांगितलं की आतून बांबूचा सांगाडा कर. म्हणून आबा आठवले.

"तुझा बडग्या मी उभा करून देतो," मी म्हटलं.

"करा. पण हा जाळायचा नाही हं!" ती हसत म्हणाली आणि आत गेली.

दारात तिचा बाप, म्हणजे आमचा मुलगा, चपला काढत होता. त्याने ऐकलं. काही बोलला नाही. मीही पेपर पुन्हा उघडला, पण वाचलं काहीच नाही.

आता हे बडग्याचं प्रकरण विदर्भाबाहेरच्या मंडळींना थोडं समजावून सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडी नंदीबैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा मिळवतात. त्याच दिवशी नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते आहे. पिवळी निघते जागनाथ बुधवारीतून, तऱ्हाणे तेली समाजाची. काळीचा संबंध लोक भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईशी, इंग्रजांना तिने केलेल्या मदतीशी जोडतात. कोणी तिला पूतनाही म्हणतं. पिवळीला मात्र देवी मानतात, बायका लेकरांना तिच्या पायावर घालतात. गंमत पाहा, एक शिव्या खायची, दुसरी नवस घ्यायची, आणि संध्याकाळपर्यंत दोघीही जळायच्या! "ईडापीडा घेऊन जा गे मारबत" हा पुकारा मी आईच्या कडेवरून ऐकला असणार, कारण तो कधी शिकल्याचं आठवत नाही.

मारबत बाई, तर बडग्या बाप्या. बडगे दरवर्षी नवे. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, पुढाऱ्यांचा, कोणाचाही. गल्लीगल्लीतली पोरं बांबू, तरटं, कागद, जुने कपडे जमवून तो उभा करतात, त्याच्या गळ्यात पाटी अडकवतात आणि ठेल्यावर चढवतात. लोकांना जे जे नकोसं झालंय ते त्याच्या डोक्यावर द्यायचं आणि तो घेऊन गेला असं मानायचं. आमच्या गल्लीचा बडग्या मी वयाच्या बाराव्या वर्षापासून बांधत होतो. सांगाडा मी, चेहरा एक शेजारचा मुलगा. त्याला चेहरे फार छान जमायचे. वरच्या वर्गात गेल्यावर त्याने मुख्याध्यापकांचाच केला आणि मार खाल्ला, पण ते पुन्हा कधी तरी.

तर १९८६-८७ च्या सुमाराची गोष्ट. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. दूरदर्शनवर 'जायंट रोबॉट' नावाची जपानी मालिका लागायची, ज्यांची मुलं तेव्हा त्या वयाची होती त्यांना आठवेल. इजिप्तच्या राजासारखं शिरस्त्राण घातलेला अजस्र रोबॉट आणि मनगटावरच्या घड्याळात बोलून त्याला हुकूम सोडणारा एक मुलगा. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारी जाऊन बघायचा. घरी आला की माझं एचएमटीचं घड्याळ मागून घ्यायचा, ते कोपरापर्यंत वर सरकायचं, आणि त्यात बोलत अंगणभर फिरायचा.

मग त्याने तो रोबॉट बनवायला घेतला. चहाची खोकी, माझ्याकडून शिकलेल्या कामट्या आणि वरून कागद. कागद कुठला, तर माझ्याकडच्या रद्दीत निघालेल्या जुन्या उत्तरपत्रिका! मैद्याची खळ करून, त्यात उंदीर लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालून, एकावर एक चार थर. वर रुपेरी रंग. रंग पुरला नाही तेव्हा पोटावरचा एक तुकडा तसाच राहिला, त्यावर लाल शाईत कोणाचे तरी शंभरपैकी अठरा गुण स्पष्ट दिसत होते. आत शिरून उभं राहता यायचं. दोन खोल्यांचं बिऱ्हाड आमचं. तो रोबॉट स्वयंपाकघराच्या दारात उभा असायचा आणि ही दिवसातून दहा वेळा त्याला अडखळायची. घरमालकही कुरकुरायला लागले.

पोळा जवळ आला होता. गल्लीतल्या पोरांचा बडग्या काही तयार नव्हता. मी तोडगा काढला. म्हटलं, "ह्यालाच काढू या की तान्ह्या पोळ्याला!" मुलगा खूश झाला, त्याला वाटलं आपल्या रोबॉटची मिरवणूक. नागपूरचं पोर ते, बडग्याचं शेवटी काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्याच्या हिशेबी हा बडग्या नव्हताच, तो मिरवणुकीला आलेला पाहुणा होता. पाटी मीच लिहिली, सुरेख वळणदार अक्षरात: 'रॉकेलचा काळाबाजार'. ती त्या बिचाऱ्याच्या गळ्यात अडकवली.

संध्याकाळी पेटवला. खोक्यांचं लाकूड वाळलेलं, रंग ताजा, भडकन पेट घेतला. मुलगा माझ्या शेजारी उभा होता. त्याने मनगट तोंडाशी नेलं आणि हळू आवाजात म्हणाला, "परत ये." दोनदा म्हणाला.

त्या मालिकेच्या शेवटी तो रोबॉट दुष्ट सम्राटाला कवटाळून आकाशात झेपावतो आणि उल्केवर आदळून स्वतःही संपतो. मुलगा परत ये म्हणून हुकूम देतो, तो ऐकत नाही. हे मला मुलानेच पूर्वी सांगितलं होतं. आणि मी मास्तर! मी त्याला तिथल्या तिथे समजावलं, "अरे, तुझा खरा रोबॉटही ईडापीडा घेऊनच गेला की नाही? मग हा तस्साच गेला." त्याने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. पुन्हा कधी मागितलं नाही. मी मात्र ती तुलना दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगितली आणि वाहवा मिळवली. त्यानंतर मुलाने हाताने काही बनवल्याचं मला आठवत नाही. अभ्यास केला, नोकरीला लागला, चांगलं चाललंय. मीही कधी विषय काढला नाही.

तर यंदाचा रोबॉट.

बुरडाकडून दोन ओले बांबू आणले. कोयता हातात धरला आणि हात विसरलेला नाही हे कळल्यावर जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. बांबू उभा चिरताना चीर एका अंगाला पळायला लागते. तेव्हा जाड बाजू जास्त वाकवायची, म्हणजे ती मुकाट्याने मध्यावर येते. कामटी वाकवताना पाठ, म्हणजे हिरवी गुळगुळीत बाजू, नेहमी बाहेर ठेवायची. ताण तीच सोसते, आतला गर मोडतो. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी मंद आचेवर धरली की ती वेतासारखी ऐकते. चौकट चौकोनी केली तर तिरकी कामटी हवीच, नाही तर ती पतंगासारखी डुलते. हे सगळं मी नातीला सांगत होतो आणि ती मोबाइलवर चित्रण करत होती. वर्गात एवढं लक्ष माझ्याकडे कोणी दिलं नव्हतं!

तिनेही मला शिकवलं. बाहेरच्या कवचासाठी तिने फोम आणला होता, चपलेच्या तळव्याला आणि लहान मुलांच्या खेळायच्या चटयांना वापरतात तो. त्यावर गरम हवेचं यंत्र फिरवलं की तो मऊ पडतो, हव्या त्या आकारावर दाबून थंड होऊ दिला की तोच आकार धरतो, आणि वरची छिद्रं मिटल्यामुळे रंगही पीत नाही. डिंक म्हणजे चांभाराकडचं सोल्यूशन. दोन्ही तुकड्यांना लावायचं, वाळू द्यायचं आणि मग चिकटवायचं. माझा त्यावर विश्वासच नव्हता. आमची खळ ओली असतानाच चिकटवायची ना! पहिल्या दिवशी घाई केली आणि रोबॉटचा उजवा गुडघा माझ्या सदऱ्याला चिकटला. सदरा गेला.

भार खांद्यावर नको, कमरेवर हवा, हे मात्र दोघांना एकदमच सुचलं. तिने जुन्या दप्तराचे पट्टे आणि कमरपट्टा लावला. आता वजन आलं साडेपाच किलोवर. शिरस्त्राणात कॉम्प्युटरमधला छोटा पंखा बसवला, कारण ते घालून पाच मिनिटं उभं राहिलं की नागपूरचा मे महिना आत शिरायचा. डोळ्यांच्या जागी काळी फीत, तिच्यातून समोरचं दिसतं, पण स्वतःचे पाय दिसत नाहीत. म्हणजे बरोबर वाटाड्या हवा.

मधल्या काळात मी या विषयावर थोडं वाचलं (सवय!). १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं होतं, तिथे फॉरेस्ट ॲकरमन नावाचा गृहस्थ भविष्यकाळातला पोशाख घालून गेला आणि या वेडाचा आद्यपुरुष ठरला. पोशाख शिवला होता मर्टल डग्लस या त्याच्या मैत्रिणीने, तीही तसाच वेष करून बरोबर गेली होती. पण अनेक वर्षं नाव त्याचंच. हे मी हिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "त्यात काय नवीन?"

मुलगा गच्चीवरच्या खोलीत फिरकत नव्हता. खाली जेवताना चौकशी करायचा, "कुठवर आलं?" एवढंच. मार्चमध्ये एका रात्री पाणी प्यायला उठलो तर वर दिवा. जाऊन पाहतो तो हा मांडी घालून बसलेला, रोबॉटच्या छातीतल्या दिव्याची तार ओढत होता. मला बघून म्हणाला, "कनेक्शन लूज होतं." मी म्हटलं, "हं." आणि परत येऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन अजनी स्टेशनवर गेला आणि उभ्या गाडीच्या डब्याचं दार मोजून आला. रोबॉट त्यातून जाणार नव्हता! मग छाती दोन भागांत कापली, सगळे मिळून अकरा तुकडे केले. प्रत्येकावर मी खडूने क्रमांक घातले, एक ते अकरा, देवनागरीत.

संध्याकाळच्या विदर्भ एक्स्प्रेसने आम्ही तिघे निघालो. तुकडे चादरीत गुंडाळून बाकांखाली. डोकं मात्र कुठेच मावेना, ते नातीने मांडीवर घेतलं. तिकीट तपासायला आलेल्या साहेबांनी आमच्याकडे बघितलं, डोक्याकडे बघितलं, आणि "ह्याचं तिकीट?" म्हणून गंभीरपणे विचारलं. भला माणूस.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या भव्य इमारतीत मी म्हणजे गणपतीच्या मांडवात चुकून शिरलेला परीक्षा-निरीक्षक! दाराशी नकली तलवारी-बंदुकासुद्धा तपासून सोडतात. आत निळ्या केसांच्या मुली, पंख लावलेले मुलगे, कोणी आजारी मुलाला खुर्चीतून घेऊन आलेले आईबाप, तोही योद्धा झालेला. तिथल्या एका कोपऱ्यात आम्ही अकरा तुकडे जोडले. पंचेचाळीस मिनिटं लागली. नात उभी राहिली तेव्हा आजूबाजूला आपोआप गोल रिकामं झालं. मग फोटोंसाठी जी झुंबड उडाली! एक पोरगा माझ्याकडे आला. पांढरा सदरा, काळी छत्री, जाड चष्मा असा माझा अवतार नीट न्याहाळून त्याने विचारलं, "अंकल, आप कौन बने हो?" मी म्हटलं, "रिटायर्ड मास्टर." तो म्हणाला, "बहुत बढिया," आणि माझाही फोटो काढून गेला.

दुपारी गर्दीत ती आमच्यापासून थोडी दूर सरकली. साडेसात फुटांची म्हणून दिसत होती, पण जवळ जाता येईना, आणि पुढे दोन पायऱ्या. तिच्या कानात फोनचं यंत्र होतं. मुलगा त्याच्या मनगटावरच्या त्या आधुनिक घड्याळातून तिच्याशी बोलत होता, त्यातून फोन होतो म्हणे. मनगट तोंडाशी धरून तो सांगत होता, "थांब. पायरी आहे. डावा पाय. हं. आता ये. सावकाश ये." आणि तो अजस्र रोबॉट एकेक पाऊल टाकत आमच्याकडे येत होता.

मी वळून शेजारच्या दुकानात मांडलेल्या खेळण्यांच्या किमती वाचत बसलो. फार महाग होत्या.

परतीच्या गाडीत नात वरच्या बर्थवर गाढ झोपली. बडनेरा गेलं असेल, दोघेही जागे होतो. मी म्हटलं, "तो तेव्हाचा.. जाळायला नको होता."

"कोणता?"

मी काही बोललो नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "त्याच्या पोटावर कोणाचे तरी अठरा मार्क होते."

"शंभरपैकी," मी म्हटलं.

"हं." मग त्याने विचारलं, "चहा घेणार का वर्ध्याला?" वर्ध्याला आम्ही चहा घेतला.

आता शेवटचं. २३ ऑगस्टला तान्हा पोळा होता. यंदा २०२५ च्या मिरवणुकीत आयातशुल्कावरून अमेरिकेच्या ट्रम्प साहेबांचाही बडग्या निघाला. आमच्या वस्तीतल्या पोरांना मात्र आयता बडग्या हवा होता. आदल्या दिवशी सहा-सात जण दारात. "आजोबा, तो रोबॉट पडून हाय ना तुमच्याकडं? द्या ना आमाले." मी काही म्हणायच्या आत नातच म्हणाली, "घेऊन जा रे! मला जागा पाहिजेच आहे, पुढच्या वर्षी नवीन करायचाय."

"नाही!" मी आणि मुलगा एकदम ओरडलो. एवढ्या मोठ्यांदा की ही स्वयंपाकघरातून बाहेर आली.

पोरं बिचकली. त्यांना मी माझ्याकडचा उरलेला बांबू दिला, सुतळी दिली आणि दुपारभर बसून कामट्या काढून दिल्या. बडग्या बरा झाला होता. चेहरा नाही जमला त्यांना.

रोबॉट सध्या जिन्याखाली उभा आहे. परवा कूलर आत ठेवायचा होता तर आधी त्याला उचलून बाहेर काढावं लागलं, आणि ही त्याला अडखळली.